वेल्टरवेटमधला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हे ठरवायचं कसं?

अमेरिकेत शनिवारी रात्री होणारी बॉक्सिंगची मोठी लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते. १४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारीही तसंच झालं. लास व्हेगासमध्ये ३७ वर्षांच्या टेरेन्स क्रॉफर्डने त्याच्यापेक्षा कितीतरी दणकट अशा सौल 'कनेलो' आल्वारेझला १२ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. माझा चहा संपायच्या आत भाच्याचा मेसेज आला : "मामा, वेल्टरवेटमध्ये आता क्रॉफर्डच सर्वकाळचा नंबर एक ना?"

मी "नाही" म्हटलं. लगेच पुढचा मेसेज : "मग कोण? आणि कशावरून?"

'कोण' याचं उत्तर एका ओळीत देता येतं : शुगर रे रॉबिन्सन. 'कशावरून' याला मात्र बैठक मारून बसावं लागतं. बॉक्सिंग अधूनमधून पाहणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. एकाचा पराभवांचा रकाना कोरा, दुसऱ्याच्या नावावर १९ पराभव, तरी जाणकार दुसऱ्याला वरचं स्थान देतात. हे काय गौडबंगाल आहे ते आज नीट उलगडून सांगतो.

वेल्टरवेट म्हणजे किती?

१४७ पाउंड, म्हणजे साधारण ६६.७ किलो. लढतीआधीच्या वजनाला काटा याच्या पुढे जाता कामा नये. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. तिथे जास्त वजनाच्या स्वाराला वेल्टर म्हणत.

हा गट इतका गाजला, याचं कारण त्या ६६ किलोंत आहे. आपल्या गल्लीतल्या दहा धडधाकट पुरुषांना काट्यावर उभं केलं, तर त्यातले चार-पाच याच्याच आसपास भरतील. जगातल्या कुठल्याही देशात या बांध्याची माणसं भरपूर, त्यामुळे स्पर्धाही भरपूर. शिवाय एका ठोशात समोरच्याला झोपवण्याइतकी ताकद या वजनात असते, आणि १५ फेऱ्या पायांवर नाचत राहण्याइतकी चपळाईही. हेवीवेटमध्ये ताकद दिसते पण दम लवकर लागतो. फ्लायवेटमध्ये वीज असते, पण गडगडाट क्वचितच ऐकू येतो. वेल्टरमध्ये दोन्ही मिळतं.

आणखी एक शब्दप्रयोग या चर्चेत सारखा येतो, 'पाउंड फॉर पाउंड'. सगळ्यांचं वजन सारखंच आहे अशी कल्पना केली, तर सर्वांत चांगला बॉक्सर कोण, एवढाच त्याचा अर्थ. हे शब्द ज्याच्या नावाला कायमचे चिकटले तो शुगर रे रॉबिन्सन मुळात वेल्टरवेटच होता.

पराभवाचं शून्य फसवं का असतं?

माझ्या वडिलांना जुन्या अकरावीला ६१ टक्के मिळाले, तेव्हा घरी पेढे वाटले होते. आज ६१ टक्क्यांना कोणी पेढे वाटत नाही. म्हणून आजची मुलं वडिलांपेक्षा दीडपट हुशार झाली असं कोणी म्हणत नाही. पेपर बदलला, तपासण्याची पद्धत बदलली, मुलं परीक्षा किती वेळा आणि कोणत्या तयारीनं देतात तेही बदललं. बॉक्सरच्या जय-पराजयाच्या आकड्यांचं अगदी असंच आहे.

आजचा अव्वल बॉक्सर वर्षाला एक किंवा दोन लढती खेळतो. प्रत्येक लढतीआधी दोन-तीन महिन्यांचं शिबिर असतं, समोरच्याच्या लढतींचे व्हिडिओ पाहून डावपेच ठरवले जातात. १९४० च्या दशकात हा पोटापाण्याचा व्यवसाय होता. दर दोन-तीन आठवड्यांनी रिंगमध्ये उतरावं लागे, कधी ताप अंगात, कधी हाताला सूज.

१९४३ चा फेब्रुवारी महिना घ्या. रॉबिन्सन ४० लढती जिंकून अपराजित होता. ५ तारखेला डेट्रॉइटमध्ये तो जेक लामोटाशी लढला. लामोटा मिडलवेट, म्हणजे वरच्या १६० पाउंडांच्या गटातला होता आणि त्या दिवशी रॉबिन्सनपेक्षा १६ पाउंडांनी, म्हणजे सात किलोंहून जास्त जड होता. आठव्या फेरीत त्यानं रॉबिन्सनला दोरांमधून बाहेर फेकलं आणि लढत गुणांवर जिंकली. रॉबिन्सनचा हा पहिला पराभव. तीनच आठवड्यांनी, त्याच फेब्रुवारीत, त्याच शहरात रॉबिन्सन पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. मधल्या वेळात तो आणखी एक लढत खेळून आला होता! हे दोघं एकूण सहा वेळा लढले, त्यातल्या पाच रॉबिन्सननं जिंकल्या. आजच्या हिशेबात ५ तारखेच्या त्या लढतीनं त्याच्या नावापुढचं शून्य पुसलं गेलं. माझ्या हिशेबात ती लढत त्याच्या मोठेपणात भर घालते, कारण सात किलो जड माणसाशी लढायला जाण्याची त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती.

किताब किती वेळा राखला हा आकडाही असाच चकवतो. पोर्तो रिकोच्या फेलिक्स त्रिनिदादनं १९९३ पासून वेल्टरवेटचा किताब १५ वेळा राखला. रॉबिन्सननं फक्त पाच वेळा. पण त्रिनिदादच्या काळात या वजनात एकाच वेळी चार संघटनांचे चार विजेते असत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या त्या चार संघटना, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा आणि प्रत्येकीची आव्हानवीरांची यादी वेगळी. एकाच गावाला चार सरपंच असल्यासारखा हा प्रकार आहे. चौघांपैकी एकानं आपल्या वाड्यावरची निवडणूक पंधरा वेळा जिंकली, तर ते मोठं काम आहेच, पण सगळा गाव त्याच्या मागे होता असं त्यातून ठरत नाही. चारही बेल्ट एकाकडे आले की त्याला निर्विवाद विजेता म्हणतात. त्रिनिदाद चांगलाच होता. फक्त त्याच्या १५ ची तुलना दुसऱ्याच्या ५ शी थेट करता येत नाही.

मग मोजायचं काय?

मी पहिला प्रश्न विचारतो : हरवलं कोणाला, आणि हरवलं तेव्हा तो माणूस कसा होता? भरात होता की उतरणीला लागला होता? त्याच्या स्वतःच्या वजनात होता की खालच्या गटातून ओढून आणलेला होता? एखाद्या पैलवानानं मोठ्या वस्तादाला चीत केलं अशी बातमी आली, तर तालमीतला जाणता माणूस आधी विचारेल, "वस्तादाचं वय काय होतं?" तोच हा प्रश्न.

दुसरं, काम याच वजनात केलेलं असलं पाहिजे. बॉक्सर म्हणून माणूस थोर असेल, पण त्याची उत्तम वर्षं १३० किंवा १६० पाउंडांत गेली असतील, तर वेल्टरच्या यादीत त्याला थोडं खाली सरकावं लागेल. रॉबेर्तो दुरान माझा अतिशय आवडता बॉक्सर आहे, पण तो लाइटवेटचा, म्हणजे १३५ पाउंडांचा राजा. वेल्टरमध्ये त्याची एक अद्भुत रात्र आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

तिसरं, हरल्यावर त्यानं काय केलं. याला मी बरंच वजन देतो.

रॉबिन्सन पहिला कशावरून?

४ ऑक्टोबर १९४० ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेल्टरवेटचा विजेता हेन्री आर्मस्ट्राँग फ्रिट्झी झिविककडून मार खात होता. झिविक हा या खेळातला बदनाम धसमुसळा. डोळ्यात अंगठा, डोक्यानं धडक, सगळं त्याला चालायचं. आर्मस्ट्राँगनं त्या रात्री किताब गमावला. त्याच कार्यक्रमात, मुख्य लढतीच्या आधी, एका १९ वर्षांच्या पोरानं आपली पहिली व्यावसायिक लढत जिंकली होती. तो पोरगा म्हणजे रॉबिन्सन. आर्मस्ट्राँग त्याचं दैवत होतं. वर्षभरानं त्यानं झिविकला गुणांवर हरवलं आणि काही महिन्यांनी दुसऱ्या लढतीत दहाव्या फेरीत थांबवलं, म्हणजे पंचानं लढत तिथेच थांबवून रॉबिन्सनला विजयी ठरवलं.

एवढ्यावर त्याला किताबाची संधी मिळायला हवी होती. मिळाली नाही. १९४१ साली किताब जिंकणारा फ्रेडी कॉक्रेन युद्धात नौदलात गेला आणि किताब वर्षानुवर्षं गोठून राहिला. त्यात बॉक्सिंगवर माफियांची पकड होती, आणि रॉबिन्सन कोणाच्या तालावर नाचणारा नव्हता. अखेर डिसेंबर १९४६ मध्ये रिकाम्या झालेल्या किताबासाठी त्याला टॉमी बेलविरुद्ध उतरता आलं. तोवर त्याच्या नावावर ७३ विजय, एक बरोबरी आणि लामोटाकडून झालेला तो एकच पराभव होता. बेलनं त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं. रॉबिन्सन उठला आणि १५ फेऱ्यांनंतर जिंकला.

आज एखादा बॉक्सर १५ लढतींनंतर किताबासाठी उभा राहतो. रॉबिन्सन ७५ लढती खेळून उभा राहिला. म्हणजे त्याच्या भराची कितीतरी वर्षं बिनकिताबाची गेली, आणि म्हणूनच 'पाच वेळा किताब राखला' हा आकडा त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. खरा आकडा वेगळा आहे. फेब्रुवारी १९४३ च्या त्या पराभवानंतर जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिननं हरवेपर्यंत तो सलग ९१ लढतींत अपराजित राहिला. त्यात क्यूबाचा किड गाविलान दोनदा आला. गाविलान पुढे स्वतः वेल्टरवेटचा विजेता झाला आणि त्याला अख्ख्या कारकिर्दीत कोणी नॉकआउट करू शकलं नाही. इतक्या चिवट माणसाला रॉबिन्सननं दोन्ही वेळा गुणांवर मागे टाकलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून १९४७ मध्ये क्लीव्हलंडला रॉबिन्सननं जिमी डॉयलविरुद्ध किताब राखला. आठव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, डॉयल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. लढतीआधी आपल्याला नेमकं हेच स्वप्न पडलं होतं आणि आपण माघार घ्यायला निघालो होतो, असं रॉबिन्सननं सांगितलं. डॉयल २२ वर्षांचा होता. आपण इथे याद्या करतो, पहिला-दुसरा ठरवतो, तेव्हा प्रत्येक नावामागे कोणाच्या तरी डोक्यावर बसलेले ठोसे आहेत, याचा मला विसर पडू द्यायचा नाही.

'पण त्याच्या लढतींचं चित्रीकरणच कुठे आहे?'

हा आक्षेप रास्त आहे. रॉबिन्सनच्या वेल्टरवेट काळातलं चित्रीकरण अगदी मोजकं उरलं आहे. आज आपण पाहतो त्या त्याच्या बहुतेक फिती १९५० नंतरच्या, मिडलवेटमधल्या. म्हणजे पायांचा वेग थोडा ओसरल्यानंतरच्या. मग विश्वास ठेवायचा कशावर?

माझं उत्तर असं. बालगंधर्वांना रंगभूमीवर पाहिलेली माणसं आज आपल्यात जवळजवळ उरलेली नाहीत, पण ज्यांनी त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर कामं केली, त्यांच्या बोलण्यातून आपल्याला अंदाज येतो. रॉबिन्सनच्या बाबतीत तर पुरावा त्याहून भक्कम आहे. ज्यांना त्यानं हरवलं त्या गाविलान, लामोटा, झिविक यांच्या लढतींच्या फिती आहेत आणि ते किती कसलेले होते हे आपण स्वतः पाहू शकतो. त्यांना हरवणारा माणूस मधल्या वयातही कसा लढायचा तेही दिसतं. दोन टोकं हाती असली की मधला धागा ओढून काढता येतो.

आर्मस्ट्राँग : एका वर्षात तीन किताब

माझ्या यादीत दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग. आज वजनाचे १७ गट आहेत. तेव्हा फक्त आठ होते आणि प्रत्येक गटात साधारणपणे एकच विजेता. आर्मस्ट्राँगनं ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेटचा, म्हणजे १२६ पाउंडांचा किताब जिंकला. मे १९३८ मध्ये तो मधला लाइटवेट गट ओलांडून थेट वेल्टरवेटचा विजेता बार्नी रॉस याच्यासमोर गेला. रॉस सुमारे १४२ पाउंडांचा, हा त्याच्यापेक्षा आठेक पाउंडांनी हलका. इतर बॉक्सर वजन उतरवायला घाम गाळतात, यानं वजन वाढावं म्हणून पाणी पिऊन पोट भरलं होतं. त्यानं रॉसला १५ फेऱ्या असा दामटला की रॉस त्यानंतर पुन्हा लढलाच नाही. पण रॉसनं हार मानून खाली बसायला ठाम नकार दिला. अख्ख्या कारकिर्दीत त्याला कोणीही नॉकआउट केलं नव्हतं आणि त्या रात्रीही तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात ग्वाडालकॅनालच्या लढाईत शौर्याबद्दल त्याला सिल्व्हर स्टार हे पदक मिळालं.

१९३८ च्याच ऑगस्टमध्ये आर्मस्ट्राँगनं लू अँबर्सला हरवून लाइटवेटचाही किताब घेतला. जगातल्या आठ किताबांपैकी तीन एकाच वेळी एका माणसाकडे! हे पुन्हा कोणाला जमलेलं नाही. १९३९ च्या एकट्या ऑक्टोबर महिन्यात त्यानं वेल्टरवेटचा किताब पाच वेळा पणाला लावला, पाचही वेळा वेगळ्या शहरात, आणि पाचही वेळा राखला. आजचे विजेते जितक्या किताबी लढती तीन-चार वर्षांत खेळतात तितक्या या माणसानं दिवाळीच्या सुट्टीएवढ्या काळात उरकल्या.

मग तो पहिला का नाही? त्याची लढण्याची पद्धत म्हणजे डोकं समोरच्याच्या छातीला टेकवून अखंड ठोसे मारत राहणं. ती शरीराला लवकर झिजवते. शिखर फार उंच होतं, पण फार काळ टिकलं नाही. १९४३ मध्ये रॉबिन्सनशी त्याची गाठ पडली तेव्हा तो उतरणीला लागला होता, आणि रॉबिन्सननं आपल्या दैवताला जपत, न दुखावता ती लढत जिंकली असं जाणकार सांगतात. त्यामुळे ती लढत मी पुरावा म्हणून वापरत नाही. वापरली, तर वर वस्तादाच्या वयाबद्दल जे लिहिलं त्याला काही अर्थ उरणार नाही.

लिओनार्डचे २२ महिने

कोणत्याही वेल्टरवेटनं कमी वेळात सर्वांत कठीण परीक्षा दिली असेल, तर ती दुसऱ्या शुगर रेनं, शुगर रे लिओनार्डनं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचा हा सुवर्णविजेता. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यानं विल्फ्रेड बेनितेझला शेवटच्या, पंधराव्या फेरीत थांबवून किताब घेतला. बेनितेझ अपराजित होता, बचावात असा तरबेज की ठोसा हवेतच विरायचा.

जून १९८० मध्ये दुरान आला. लाइटवेटमधून वर चढलेला, भुकेला. लिओनार्डनं त्याच्याशी त्याच्याच पद्धतीनं, अंगाला अंग भिडवून लढण्याची चूक केली आणि तो हरला. दुरानची वेल्टरमधली अद्भुत रात्र ती हीच. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला दोघं पुन्हा समोरासमोर आले. या वेळी लिओनार्ड पायांवर फिरत राहिला, दुरानला हवेत ठोसे मारायला लावत राहिला, आणि आठव्या फेरीत दुरान पाठ फिरवून चक्क थांबला. इतका चिवट लढवय्या स्वतःहून थांबला, यावर आजही वाद आहेत. मला त्यातली लिओनार्डची बाजू महत्त्वाची वाटते : पराभवानंतर वर्षभर न दडता तो लगेच परतला, आणि स्वतःची चूक दुरुस्त करून परतला.

मग सप्टेंबर १९८१, टॉमी हर्न्स. उंची सहा फूट एक इंच, ३२ लढती, ३२ विजय, त्यातले ३० नॉकआउट. ही लढत अजून पाहिली नसेल तर एक संध्याकाळ राखून जरूर पाहा. लिओनार्डचा डावा डोळा सुजून बंद होत आला होता. १३ फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. चौदाव्या फेरीत लिओनार्डनं त्याला दोरांवर दाबून इतके ठोसे मारले की पंचांना लढत थांबवावी लागली.

आता यातली गंमत पाहा. आजचा नियम असता, तर ही लढत हर्न्स जिंकला असता! १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा लाइटवेट बॉक्सर किम ड्युक-कू १४ फेऱ्यांच्या लढतीनंतर मरण पावला, आणि त्यानंतर किताबी लढती हळूहळू सगळीकडे १५ ऐवजी १२ फेऱ्यांच्या झाल्या. तो बदल आवश्यकच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जुन्या-नव्यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही की जुन्यांच्या परीक्षेला तीन प्रश्न जास्त होते, आणि बहुतेक वेळा तेच सर्वांत अवघड.

बेनितेझ, दुरान आणि हर्न्स हे तिघंही स्वतःच्या बळावर सर्वकाळच्या थोरांत मोडतात. लिओनार्डनं तिघांना २२ महिन्यांत हरवलं. मग १९८२ मध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आणि त्याचा वेल्टरमधला काळ आटोपला. माझ्याकडे तो तिसरा आहे. कोणी त्याला दुसरा म्हटलं तर मी भांडणार नाही.

'पण आजचे खेळाडू जास्त तंदुरुस्त नाहीत का?'

आहेत. आहार, व्यायामाचं शास्त्र, दुखापतींवरचे उपचार, सगळंच पुढे गेलं आहे. त्यात वजनाची आणखी एक बाजू आहे, जी प्रेक्षकांना सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी होत असे. १४७ भरला, तर रात्री रिंगमध्ये उतरणारा माणूस जवळपास तेवढाच असायचा. आता वजन आदल्या दिवशी होतं. बॉक्सर अंगातलं पाणी कमी करून काट्यावर १४७ दाखवतो आणि मग २४ तासांत खाऊन-पिऊन आठ-दहा पाउंड परत मिळवतो. वाळवलेली आंबोशी पाण्यात टाकल्यावर फुगते तसं. म्हणजे आज ज्याला वेल्टरवेट म्हणतात तो घंटा वाजते तेव्हा बरेचदा जुन्या काळातला हलका मिडलवेट असतो.

म्हणूनच 'आजच्याला कालयंत्रात घालून १९४७ मध्ये पाठवला तर?' हा खेळ मी खेळत नाही. कुणाचे नियम लावायचे, हे ठरलं की निकालही ठरतो. सुनील गावसकर हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर उभे राहिले. त्यांचं मोठेपण मोजताना 'आजची बॅट त्यांच्या हातात दिली तर' असं आपण विचारत नाही, त्यांनी त्यांच्या काळात काय केलं ते पाहतो. बॉक्सरचंही तसंच पाहावं : आपल्या काळातल्या उत्तमांच्या किती पुढे होता?

मेवेदर तर हरलाच नाही, त्याचं काय?

फ्लॉइड मेवेदर, ५० लढती, ५० विजय. त्याच्या बचावाचा मी मनापासून चाहता आहे. खांदा पुढे करून ठोसा घरंगळू देण्याची त्याची कला तासन्‌तास पाहत बसावी अशी आहे. पण वर सांगितलेला प्रश्न त्यालाही विचारावा लागतो. शेन मोस्लीला त्यानं २०१० मध्ये हरवलं, तेव्हा मोस्ली ३८ वर्षांचा होता. मॅनी पॅकियाओशी लढत व्हावी म्हणून जग २००९ पासून वाट पाहत होतं, ती झाली मे २०१५ मध्ये. पॅकियाओ ३६ चा, मेवेदर ३८ चा. अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे भरून ती पाहिली, आणि बहुतेकांना वाटलं की पाच वर्षं उशीर झाला. पन्नासावा विजय तर कॉनर मॅकग्रेगरवर आहे, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती.

पन्नास विजय खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण त्यानं परीक्षेची तारीख बरेचदा स्वतः निवडली, आणि त्याचे सर्वांत तेजस्वी दिवस १३० पाउंडांत गेले. वेल्टरमध्ये मी त्याला पहिल्या दहांत ठेवतो, पहिल्या पाचांत नाही.

आणि क्रॉफर्ड?

२९ जुलै २०२३ ला त्यानं एरोल स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत थांबवलं आणि वेल्टरचे चारही बेल्ट एकत्र केले. चार बेल्टांच्या काळात दोन वेगवेगळ्या वजनांत निर्विवाद विजेता झालेला तो पहिला पुरुष बॉक्सर. स्पेन्स तोवर २८ लढतींत अपराजित होता, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका रात्रीपुरतं उत्तम आहे. अडचण एवढीच की वेल्टरमध्ये क्रॉफर्डकडे अशी एकच रात्र आहे. बाकीची नावं, शॉन पोर्टर, केल ब्रूक, आमिर खान, चांगली आहेत, पण लिओनार्डच्या त्या तिघांशेजारी ठेवता येत नाहीत. यात दोष क्रॉफर्डचा कमी आणि प्रवर्तकांच्या आपसातल्या भांडणांचा जास्त. स्पेन्सबरोबरची लढत कितीतरी आधी व्हायला हवी होती. कनेलोवरचा विजय मोठाच, पण तो १६८ पाउंडांत. पाउंड फॉर पाउंडच्या यादीत तो क्रॉफर्डला वर नेतो, वेल्टरच्या यादीत नाही.

परीक्षकांचं काय?

गुणांची पद्धत सोपी आहे. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९, खाली पडला तर ८. तीन परीक्षक रिंगच्या तीन बाजूंना बसतात आणि आपापला हिशेब ठेवतात. तिघंही माणसंच, आणि तिघांना तीन कोनांतून दिसतं.

सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियो. वेल्टरचा विजेता पर्नेल व्हिटेकर आणि ८७ लढतींत अपराजित असलेला मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ. व्हिटेकरनं चावेझला जवळजवळ संपूर्ण लढत हतबल करून ठेवलं. तरी दोन परीक्षकांनी बरोबरी दिली, आणि लढत बरोबरीत सुटली. अधिकृत नोंदीत ती आजही बरोबरी आहे. माझ्या यादीत तो व्हिटेकरचा विजय आहे, आणि या खेळाचे बहुतेक जाणकार तेच म्हणतील. यादी करणाऱ्यानं नोंदवही बाजूला ठेवून लढत स्वतः का पाहायची, ते इथे कळतं.

माझा क्रम, आणि एक रिकामी जागा

भाच्याला पाठवलेला क्रम असा : रॉबिन्सन, आर्मस्ट्राँग, लिओनार्ड, त्यांच्यामागे होसे नापोलेस. क्यूबात व्यावसायिक बॉक्सिंग बंद झालं तेव्हा नापोलेस मेक्सिकोला गेला. त्याच्या हालचाली इतक्या सफाईच्या होत्या की लोक त्याला 'मांतेकिया', म्हणजे लोणी, म्हणत. १९६९ मध्ये किताब घेतला, १९७० मध्ये डोळ्यावरच्या जखमेमुळे गमावला, सहा महिन्यांत परत मिळवला आणि १९७५ पर्यंत सांभाळला. एमिल ग्रिफिथसारख्या कसलेल्या माजी विजेत्यालाही त्यानं १५ फेऱ्यांत सरळ हरवलं. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, याची मला खरंच खंत वाटते. त्याच्यानंतर गाविलान, रॉस, ग्रिफिथ, व्हिटेकर, हर्न्स, मेवेदर, क्रॉफर्ड. यांच्यातला क्रम मी दर दोन वर्षांनी बदलतो.

भाच्यानं विचारलं, "आणि चार्ली बर्ली कोण? तू कधीतरी नाव घेतलं होतंस."

पिट्सबर्गचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर. झिविकशी तो तीनदा लढला, त्यातल्या दोन जिंकला. पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या आर्ची मूरला त्यानं १९४४ मध्ये वारंवार खाली पाडून हरवलं. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सर्वोत्तम होता, असं मूर पुढे आयुष्यभर सांगत राहिला. वर्णभेद होता, माफियांचा हात होता, आणि बर्लीशी लढण्यात धोका जास्त, पैसा कमी होता. वेल्टर असो की मिडल, त्याला किताबाची एकही संधी मिळाली नाही. त्याच्या भरातल्या लढतींचं चित्रीकरणही नसल्यासारखंच आहे. बॉक्सिंग सोडल्यावर त्यानं पिट्सबर्गमध्ये नगरपालिकेच्या कचरागाडीवर नोकरी केली.

त्याला कितवा नंबर द्यायचा हे मी भाच्याला सांगू शकलो नाही. यादीत गाविलानच्या वर एक ओळ मोकळी सोडली आणि तशीच त्याला पाठवली.